प्रॉम्प्टरची खुर्ची

"ते पांढरं असतं बघा, गोल, जरासं कडू."

काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या जमिनीवर चालताना काळ्या वगळून चालायचं नाही.

मेहुणी फोनवर माझ्या बायकोला: "ताई, भावजी दर महिन्याला लॉजवर जातात? आणि तू जाऊ देतेस?"

ओळंबा सोडला की थोडा वेळ हलतो. त्याला धरून थांबवायचं नसतं.

एक शब्द असा आहे की तो एकट्याने उच्चारायचा नसतो. एक अक्षर एकाने द्यायचं, पुढचं दुसऱ्याने.

छत्री.

छत्री सकाळची. माझं औषधांचं दुकान आहे आणि माझा निम्मा धंदा लोकांची वाक्यं पूर्ण करण्याचा आहे. माणूस काउंटरवर कोपर टेकतो, म्हणतो, ते हे द्या हो, ते आपलं, आणि तोवर माझा हात खणात गेलेला असतो. डॉक्टर लोक तर शब्द लिहीतच नाहीत, एक अक्षर काढतात आणि पुढे मेलेल्या गांडुळासारखी रेघ सोडून देतात. ते गांडूळ मला वाचता येतं. आज सकाळी ओळंबा आले होते. (हे त्यांचं टोपणनाव. जन्मभर जमीन मोजण्याच्या खात्यात नोकरी, आणि उभे राहिले की मागची भिंत वाकडी वाटते. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणतो.) डोळ्यांत घालायचे थेंब घेतले, पिशवीत टाकले, निघाले, दारापर्यंत जाऊन परत आले आणि म्हणाले, "माझी ती राहिली इथे. ती." हात वर गेला, मूठ मिटली, मूठ उघडली. "ती रे. आपली." मी म्हणालो, "छत्री." शब्द माझ्या तोंडातून गोळी पडावी तसा पडला. काकांनी कोपऱ्यातली छत्री घेतली, तिच्याकडे पाहिलं, ओळख करून दिलेल्या माणसाकडे पाहावं तसं. मग म्हणाले, "हो. छत्री. मी काढत होतो की बाहेर, औषध. तुला काय गाडी पकडायची होती?" आणि हसत गेले. ते मला औषध म्हणतात. मी मात्र हातातली गोळ्यांची पट्टी पुन्हा पुन्हा सरळ करत राहिलो, कारण छत्री हा शब्द विसरलेला माणूस संध्याकाळी साडेसहाला सगळ्या मंडळासमोर उभा राहून मंडळात येणाऱ्या नव्या माणसाला विधीच्या पुस्तकाची पाच पानं तोंडपाठ सांगणार होता. आणि विसरलेला शब्द पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरच्या खुर्चीत मी.

आम्ही फ्रीमेसन आहोत, स्वतःला घडवायला शिकवणाऱ्या एका जुन्या मंडळाचे सभासद. हे पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "फ्री म्हणजे फुकट आणि मेसन म्हणजे गवंडी. म्हणजे तुम्ही फुकटचे गवंडी झालात. बरं झालं, मोरीतली फरशी कधीची हलतेय, तेवढी बसवा." मी तिला समजावलं की इथे दगड बसवायचा नसतो, दगड आपणच असतो. ती म्हणाली, "ते मला लग्नानंतर लगेच कळलं होतं, त्यासाठी वर्गणी कशाला भरायची?" फरशी अजून हलते. पण मी मंडळाच्या एप्रनची पेटी घेऊन निघालो की ती सदऱ्याच्या कॉलरवरून हात फिरवते आणि म्हणते, "जा, तासून घ्या." आमच्या बैठकीला लॉज म्हणतात, पण तिच्या बहिणीला लॉज म्हणजे तास-दोन तासांसाठी खोली देतात ते ठिकाण एवढंच माहीत आहे, आणि बायको तिचा गैरसमज दूर करत नाही. म्हणते, तेवढंच तुमचं नाव होतंय.

मंडळात आलो तेव्हा काकांनीच मला शिकवलं. ते शिकवणं म्हणजे चालणं. त्यांच्या घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं, जाताना ते एक ओळ म्हणत, येताना मी. पहिल्या पायरीवर तीन हत्यारं मिळतात: मोजपट्टी, हातोडा आणि छिन्नी. मोजपट्टीने दिवस मोजायचा, किती कामाचा, किती झोपेचा, किती दुसऱ्याच्या उपयोगाचा. हातोडा म्हणजे मनाची टोचणी. आणि छिन्नी म्हणजे शिक्षण, जिला धार असते पण स्वतःचं वजन नसतं. हे सगळं मला लहानपणी कोणी सांगितलं असतं तर मी जांभई दिली असती. पन्नाशीत ते एखाद्या कुलपात किल्ली फिरावी तसं फिरलं. माणसाला शाळा सुटल्यावर पुन्हा कोणी गृहपाठ देत नाही, हीच मोठी अडचण आहे. वय वाढतं तसे सगळे म्हणतात, त्याचा स्वभावच तसा आहे. काका म्हणाले, स्वभाव वगैरे काही नसतं, कोपरे असतात. घरी जा आणि तुझा कुठला कोपरा वर आलाय ते शोध. मी आठवडाभर शोधला. टाकीपाशी त्यांना सांगितलं, मला राग लवकर येतो. ते म्हणाले, "तुला? तुझ्या रागाला तुझं मांजरही घाबरत नसेल. अरे, तुझा कोपरा असा आहे की मी आत्ता बोलताना जरा श्वास घेतला की तू माझं वाक्य—" "पूर्ण करतो," मी म्हणालो. काका टाकीच्या कठड्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

आणि अशा माणसाला प्रॉम्प्टर केलं! तेही काकांनीच सुचवलं. प्रॉम्प्टरचं काम नाटकातल्यासारखं नसतं. आमच्याकडे सगळं तोंडपाठ म्हणायचं असतं आणि म्हणताना थांबायचंही असतं, थांबणं हा पाठांतराचाच भाग. म्हणून नियम एकच: बोलणाऱ्याने तुमच्याकडे पाहिल्याशिवाय शब्द द्यायचा नाही. तो थांबला म्हणजे विसरला असं नाही. तो विसरला तरी त्याने मागितलं असं नाही. पहिलं वर्ष मी जिभेखाली खडीसाखर धरून बसायचो, म्हणजे तोंड उघडलं तर ती पडेल. ती गोष्ट कळल्यावर बायको म्हणाली, "घरीही दोन खडे ठेवा." पण खरं सांगायचं तर मला ती खुर्ची आवडायला लागली. ती भिंतीला लागून आहे, तिचा एक पाय आखूड आहे, आणि तिच्यावर बसून मी हळूहळू एक कला शिकलो, जी औषधाच्या दुकानात बारा जन्म घेऊनही शिकलो नसतो. माणूस कशासाठी थांबलाय ते त्याच्या खांद्यांवरून कळतं. विसरलेल्या माणसाचे खांदे वर जातात. नुसत्या थांबलेल्याचे तिथेच राहतात. ही माझी विद्या. हिच्यावर पोट भरत नाही, पण दिवस भरतो.

दुपारी वकिलांचा फोन आला. हे यंदाचे आमचे मास्टर, म्हणजे अध्यक्ष. कोर्टात ते बोलतात तेव्हा समोरचे घड्याळ बघतात, पण मंडळावर त्यांचं मनापासून प्रेम आहे. म्हणाले, "मागच्या महिन्यात काकांनी दोन ओळी पुन्हा म्हटल्या, तुझ्या लक्षात आलं असेल. आज त्यांना—" "जमेल," मी म्हणालो. मग वकील म्हणाले, "मी विचारणार होतो की आज त्यांना आणायला गाडी पाठवू का. पण तू विषय काढलाच आहेस, तर ऐक. नव्या माणसाच्या आयुष्यात ती संध्याकाळ एकदाच येते. आज काका अडकले तर यापुढे ते भाषण मी त्यांना देणार नाही. तू म्हण, तुला पाठ आहे. मला वाईट वाटेल, पण मी तसं करीन." त्यांचं चूक नव्हतं. मी फोन ठेवला आणि एका बाईंना खोकल्याच्या औषधाऐवजी पोटाचं काढून दिलं, त्यांनीच ते मला परत दिलं. पेन्शन सुरू झाल्यापासून काकांकडे मोजायला जमीन नाही. बायको गेली, मुलगी लांब. एकदा टाकीपाशी म्हणाले होते, "एवढं भाषण आहे बघ माझ्याकडे. हे आहे तोवर मी कामावर आहे. ते गेलं की मग मी नुसता म्हातारा." म्हणजे आज त्या पाच पानांत एखादा शब्द हात वर करून, मूठ मिटून उघडून हरवला, तर काका रस्त्यावर छत्री घेऊन चालणारे एक गृहस्थ होणार होते. आणि तो शब्द माझ्याकडे असणार होता, माझ्या मांडीवर, छापलेला.

आमची खोली एका फर्निचरच्या दुकानावर आहे. जिन्यात व्हार्निशचा वास असतो आणि वर गेलं की मेणबत्त्यांचा. जमिनीवर लिनोलियम अंथरलेलं, काळ्या-पांढऱ्या चौकटींचं, दाराशी झिजून दोन्ही रंग एकच झालेलं. खुर्च्या खालच्या दुकानदाराने दिलेल्या, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. कुलूप लावण्याआधी दुकानात लोक असतात तसे सगळे गप्पा मारत होते, पाठदुखी, पोरांचे निकाल, आणि मग एप्रन बांधले तसे आवाज खाली आले. हे मला दर वेळी आवडतं. पांढरा चामड्याचा तुकडा कमरेला बांधला की वकील आणि त्यांचा कारकून यांची पोटं सारखीच दिसतात. नवा माणूस अग्निशामक दलातला होता. दारातून आत यायला त्याला जरा वाकावं लागलं. डोळ्यांवर पट्टी, एका पायात बूट, दुसऱ्यात स्लिपर, आणि हात धरून आणणारा त्याच्या खांद्याएवढा. जळत्या घरात शिरणारा माणूस लिनोलियमवर पाय कुठे ठेवावा म्हणून चाचपडत होता. अर्जाच्या वेळी त्याला विचारलं होतं, तुला इथे कशाला यायचंय, तेव्हा म्हणाला होता, "साहेब, मी तिसाव्या वर्षापर्यंत विझवायला शिकलो. आता काहीतरी लावायला शिकावं म्हणतो." आम्ही सगळे हसलो होतो आणि तिथेच त्याला मत देऊन टाकलं होतं. पट्टी निघाली. त्याने डोळे मिचकावले. जे व्हायचं ते सगळं झालं, आणि मग काका उठले, उभे राहिले, मागची भिंत वाकडी झाली.

पहिली दोन पानं पाण्यासारखी गेली. मी बोटाने ओळी धरत होतो आणि बोट मागे पडत होतं. काकांचा आवाज जमीन मोजणाऱ्याचा आहे, लांबच्या माणसाला ऐकू जावा पण ओरडल्यासारखा वाटू नये असा. तिसऱ्या पानावर ते अग्निशामकाच्या जवळ गेले. म्हणाले, "तुझ्या हाती आज अनघड दगड दिला आहे. तो खडबडीत आहे म्हणून लाजू नकोस. इथे बसलेल्यांपैकी कोणाचाही अजून गुळगुळीत झालेला नाही. आणि तू इथून पुढे

(

पुस्तकात पुढे फक्त "नि" आहे आणि टिंबं. महत्त्वाच्या शब्दांचं आमच्याकडे पहिलं अक्षरच छापतात, नित्यनेमाने असा तो शब्द. नित्यनेमाने शिकत जाशील. नि माझ्या दातांमागे येऊन उभा राहिला. नि म्हणजे आणि. नुसतं नि म्हटलं तरी वाक्य पुढे जातं, इतकं सोपं अक्षर. काका अग्निशामकाकडे बघत होते. खांदे? खांदे मला दिसेनात. मेणबत्ती मधे होती. एक खुर्ची करकरली. वकिलांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उचलली, म्हणजे दे. माझ्या खुर्चीचा आखूड पाय टेकला. माझे वडील टपालखात्यात पत्रं लावायचे, खणाखणांत, दिवसभर, न बोलता, आणि ती नोकरी त्यांनी त्यासाठीच घेतली होती. त्यांच्या जिभेला शब्द अडकायचा. दुकानात ते मला न्यायचे. ते म्हणायचे ब, ब, आणि दुकानदार छताकडे बघायला लागायचा, आणि मी म्हणायचो, बटणं. वडील मान हलवायचे. बटणं घेऊन आम्ही घरी यायचो. आई विचारायची, बल्ब कुठेय? आमच्या घरात बटणांचा एक मोठा डबा होता आणि शिवणारं कोणी नव्हतं. पुढे घरात कोणाचं बोलणं कोणाला नीट कळलं नाही की आई म्हणायची, चला, आली बटणं! वडीलही हसायचे. हसताना त्यांना कधी अडकायचं नाही. मला तेव्हा वाटायचं मी त्यांचा हात धरतोय. आईने कधी त्यांना शब्द दिला नाही. भाजी चिरता चिरता सुरी हवेत थांबायची, आणि थांबूनच राहायची, आणि तिच्या चेहऱ्यावर घाई नसायची, कंटाळा नसायचा, धीर धरल्याचा आवसुद्धा नसायचा. मला वाटायचं ही ऐकत नाहीये. नि. वकिलांनी घसा खाकरला. आता काकांनी माझ्याकडे पाहिलं तर मी देईन, नियम तसाच आहे, पण त्यांनी पाहावं असं मला वाटतंय की पाहू नये असं? पाहिलं तर सगळ्यांना कळेल. नाही पाहिलं तर अजून सगळ्यांना कळेल. मी पुस्तक मिटलं. बोट आत न ठेवता मिटलं. असं मी कधी केलं नव्हतं. आणि पुस्तक मिटल्यावर गंमत अशी झाली की खोलीत काहीच कमी नव्हतं. मेणबत्त्या होत्या. खालून व्हार्निशचा वास येत होता. एक मोठा माणूस एका पायात स्लिपर घालून उभा होता आणि त्याच्यासमोर एक म्हातारा माणूस, दोघे एकमेकांकडे बघत होते, आणि आम्ही सगळे प्रौढ लोक, ज्यांना घरी कामं होती, एका शब्दाभोवती गप्प बसलो होतो, आणि तो यावा म्हणून कोणी त्याला ओढत नव्हतं. मला माझा श्वास ऐकू येत होता. तो कोणाचंही वाक्य पूर्ण करत नव्हता. मेणबत्तीची ज्योत बाजूला झाली आणि काकांचे खांदे दिसले. ते वर गेले होते. विसरले होते. मग, मी बघत असताना, ते खाली आले. शब्द आला म्हणून नव्हे. शब्द आला नव्हता. नुसतेच खाली आले

)

सावकाश शिकत जाशील."

सावकाश. पुस्तकात तसं नाही. चुकीचा शब्द आला तर तो दुरुस्त करणं हेही प्रॉम्प्टरचं काम, आणि वकिलांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पण पुस्तक मिटलेलं होतं. उरलेली पानं काकांनी न थांबता म्हटली. शेवटच्या ओळीला अग्निशामकाने चुकून सलाम ठोकला.

जेवणाच्या टेबलावर तो माझ्या समोर होता. दोन्ही पायांत बूट आल्यावर तो आणखी मोठा दिसत होता. म्हणाला, "काका, मधे तुम्ही थांबलात ते पुस्तकात आहे का? मला वाटलं मीच काहीतरी उत्तर द्यायचंय. घाबरलो ना मी. मनातल्या मनात पाढे म्हणायला लागलो."

"कितीचा?" काकांनी विचारलं.

"सतराचा."

"आला?"

"नाही."

टेबलावरची पाण्याची भांडी हलली एवढे सगळे हसले. वकील हसले नाहीत. ते पाव कुस्करत होते. मग म्हणाले, "काका, शब्द नित्यनेमाने असा आहे."

"आहे," काका म्हणाले. "काही केल्या येईना. मग बघत होतो दुसरा कुठला बसेल."

"मंडळाच्या घटनेप्रमाणे शब्द बदलता येत नाही."

"नाहीच येत. पण वकीलसाहेब, नित्यनेमाने शिकणारा एकही माणूस मी इथे बघितला नाही. सावकाश शिकणारे सगळेच आहेत. हा औषध बघा ना, किती वर्षं लागली."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. "तू दिला का नाहीस?"

"त्यांनी पाहिलं नाही," मी म्हणालो.

"मी खूण केली होती."

"तुम्ही बोलत नव्हतात."

हे मी उद्धटपणे म्हटलं नव्हतं, नियमच सांगितला होता, पण वकील थोडे लाल झाले आणि मग, ते मनाने चांगले असल्यामुळे, त्यांनी काकांच्या ताटात आपल्या ताटातली बटाट्याची मोठी फोड ठेवली. "पुढचा माणूस दोन महिन्यांनी येतोय," ते म्हणाले. "दातांचा डॉक्टर आहे. त्याच्यासमोर तोंड उघडं ठेवून थांबू नका म्हणजे झालं." काकांनी फोड खाल्ली. एवढ्यावर ते मिटलं. काका अजून कामावर होते.

परतताना मी त्यांच्यासोबत कोपऱ्यापर्यंत गेलो. ते म्हणाले, "खरं सांगू? विसरलो तेव्हा आधी घाबरलो. मग कोणीच शब्द देईना. मग म्हटलं, चला, सवड आहे. फार बरं वाटलं रे. लहानपणी तळ्यात पाठीवर पडून राहायचो तसं." पुढे त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. ते थांबले, दिव्याच्या खांबाकडे बघत राहिले, आणि मी त्या खांबाकडे बघत राहिलो. एक बस आली, उभी राहिली, गेली. "असो," काका म्हणाले आणि घरी गेले. पुढचं मला माहीत नाही आणि ते मला टोचत नाही, याचंच चालताना मला नवल वाटत होतं.

घरी बायको टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत होती. म्हणाली, "अहो, आज ना मी" आणि गप्प झाली. मी एप्रनची पेटी कपाटावर ठेवली, खुर्ची ओढली, बसलो. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे. बराच वेळ झाला तेव्हा ती म्हणाली, "काय झालं? बोला की."

"तू बोलत होतीस."

"हो, पण तुम्ही बोलाल म्हणून मी थांबले."

"मी नाही बोलणार."

"म्हणजे आता सबंध वाक्य मलाच बोलायचं?" तिने कपाळाला हात लावला. "इतक्या वर्षांची सवय, मला पुढचं ठरवावंच लागत नाही हो. आता काय म्हणणार होते मी?" आणि ती खरंच शोधायला लागली, डोळे वर करून, ओठ जरा उघडे. तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. वाक्य शोधताना ती तरुण दिसते. टीव्हीवर कोणीतरी आवाज न करता टाळ्या वाजवत होतं. मला कसलीही घाई नव्हती.

माझे वडील एका मंगळवारी दुपारी गेले. शेवटी त्यांनी एक शब्द सुरू केला होता, आणि आई त्यांच्या उशाशी, तो पूर्ण व्हायची वाट बघत बसली होती.